ईव्हीला टॅक्स माफ, इन्शुरन्स स्वस्त, पण टोलचे ३२० काही डोक्यातून जात नाहीत

गाडी कशी चालते, रेंज किती मिळते यावर सगळ्यांनी भरपूर लिहिलंय, त्यात मी जात नाही. सरकारने ईव्हीवाल्यांना जे जे देऊ केलंय त्यातलं काही महिन्यांत हाताला काय लागलं एवढंच लिहितो. आणि खरं म्हणजे काल रात्री परत टोल कापल्याचा मेसेज आला म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर कंटाळाच केला असता.

आधी चांगलं सांगून टाकतो. मोटार वाहन कर माफ, हा सगळ्यात मोठा फायदा. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे १२ टक्के लागतो, म्हणजे १५ लाखांची गाडी धरली तर १ लाख ८० हजार नुसत्या टॅक्सचे. ते वाचले. थर्ड पार्टी इन्शुरन्सच्या प्रीमियमला १५ टक्के सूट, पीयूसीची भानगड नाही. मार्च २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाखांवरच्या ईव्हीला ६ टक्के टॅक्स लावायचं ठरलं होतं, तो महिना संपायच्या आत मागेही घेतला. आपला त्या किमतीशी संबंध नाही, पण ज्यांचा आहे त्यांनी पेढे वाटले असतील.

आता टोल. २३ मे २०२५ ला राज्याच्या नव्या ईव्ही धोरणाचा जीआर निघाला, ३१ मार्च २०३० पर्यंतचा. त्यात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कार आणि बसला टोल पूर्ण माफ. ऑगस्टमध्ये अंमलबजावणी सुरू झाली असं पेपरात आलं. मी खूष, कारण एक्सप्रेसवेला कारचे ३२०, जाऊन येऊन ६४०, आणि माझं मुंबईला कामानिमित्त सारखं जाणं असतं.

प्रत्यक्षात काय, तर एका नाक्यावर शून्याचा मेसेज आणि पुढच्या नाक्यावर कापले. पुढच्या वेळी दोन्हीकडे कापले. त्याच्या पुढच्या वेळी उलटं. नाक्यावर उतरून विचारलं तर समोरचा मुलगा ईव्हीच्या हिरव्या नंबरपाटीवरची पांढरी अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी बघतोय आणि म्हणतो, "साहेब, सिस्टीम कापते, आम्ही काय करणार." चूक त्याची नाहीच म्हणा. फास्टॅगमध्ये कार म्हणजे क्लास ४, मग ती पेट्रोलची असो नाहीतर बॅटरीची. नुसत्या क्लासवरून इंधन कळत नाही, त्यासाठी गाडीचा नंबर सरकारी नोंदीशी जुळवावा लागतो. पाटी हिरवी करून ठेवली ती माणसांना दिसायला, टोल कापतं मशीन, त्याला कोण सांगणार.

बायको म्हणते, १ लाख ८० हजार वाचले ते बोलत नाहीस आणि ३२० साठी रात्री अकराला तक्रारी टाइप करत बसतोस. बरोबर आहे तिचं. पण टॅक्स मी भरलाच नाही त्यामुळे तो वाचल्याचं जाणवतच नाही, हे ३२० मात्र मेसेज वाजवून जातात. आणि दिलंय म्हणून जाहीर केलेलं परत खिशातून काढलं की जास्त झोंबतं.

हे एवढं लिहून तसंच पडलं होतं, आठवडा गेला, तेवढ्यात जरा बदल झालाय म्हणून पुढे लिहितो. परवा मुंबईला जाऊन आलो, जाताना येताना दोन्ही नाक्यांवर शून्य! मधल्या काळात टॅगवाल्या बँकेने आरसीचे फोटो परत अपलोड करायला लावले होते, त्याने झालं की त्यांची यादी अपडेट झाली, देव जाणे. डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात हा विषय निघाला होता, विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी आठ दिवसांत अंमलबजावणी करा आणि घेतलेला टोल परत द्या असं सरकारला सांगितलं होतं, म्हणजे रडणारा मी एकटा नव्हतो. त्यामुळे वरचा राग निम्मा कमी समजा. निम्माच, कारण आधी कापलेले पैसे अजून आलेले नाहीत. बँक म्हणते टोलवाल्यांना विचारा, टोलवाले म्हणतात बँकेकडे डिस्प्यूट टाका. कापल्याचे मेसेज डिलीट करू नका, स्टेटमेंटही डाउनलोड करून ठेवा, एवढं नक्की करा.

सोसायटीत चार्जर लावण्यावर वेगळं लिहावं लागेल. नव्या बिल्डिंगला चार्जिंगची सोय सक्तीची, पण आम्ही जुन्या बिल्डिंगवाले, तिथे जीआरपेक्षा सेक्रेटरी मोठा. मीटरपासून पार्किंगपर्यंतची केबल माझ्या खर्चाने, वीज माझ्या मीटरची, तरी "उद्या सगळेच मागतील" हे मीटिंगमध्ये ऐकावं लागलं. मागू देत की.

अजून एक, बरेच जण इथेच फसतात. ही माफी राज्याच्या रस्त्यांची. पुणे-सातारा वगैरे राष्ट्रीय महामार्ग, तिथे ईव्ही असली तरी पूर्ण टोल. त्यासाठी केंद्राचा वार्षिक पास आहे, १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो पास पुन्हा एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर चालत नाही. म्हणजे इथली माफी तिथे नाही आणि तिथला पास इथे नाही. एका फेरीला साधारण १५ रुपये पडतात हे दिसायला भारी, पण त्यासाठी २०० फेऱ्या व्हायला हव्यात आणि माझं गावाकडे जाणं म्हणजे गणपती, दिवाळी आणि कुणाचं लग्न. आत्ताच्या हिशोबाने पासचे पैसे वसूल होतील असं वाटत नाही. कोल्हापूर बाजूला नेहमी जाणाऱ्या कुणी घेतला असेल तर सांगा, कितव्या महिन्यात पैसे फिटले.