जुन्या लुडविगला नवा रॅप की व्हिनियर?

शिकागोत बनलेल्या साठच्या दशकातल्या लुडविग ड्रम सेटचा प्लास्टिकचा रॅप, म्हणजे ड्रमवरचं बाहेरचं आवरण, तडकला असेल, तर दोन वाटा उरतात: नवा रॅप, किंवा व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचं पातळ पान.

नवा रॅप सोपा. शेल (ड्रमचं लाकडी नळकांडं) साफ करायचा, रॅप चिकटवायचा, भोकं मोकळी करायची, जोड लग्जच्या (ताणाचे स्क्रू धरणाऱ्या धातूच्या तुकड्यांच्या) ओळीखाली लपवायचा. लाकडावरचे डाग झाकले जातात आणि सेट मूळ रूपाच्या जवळ राहतो.

व्हिनियरची खरी परीक्षा ते लावण्याआधीच होते. या तीन थरांच्या शेलमध्ये मूळ रॅपची कड बाहेरच्या थराच्या सांध्यात दाबलेली असते. रॅप निघाला की तिथे फट उरते. ती भरून, घासून सपाट केली नाही, तर लॅकरचे कितीही हात दिले तरी ती रेघ वर उमटते. जाडीचाही हिशेब हवा: 0.6 मिमी व्हिनियरने व्यास 1.2 मिमी वाढतो, त्यामुळे जुन्या रॅपवरच व्हिनियर चढवलं तर ड्रमहेड (ड्रमचा वाजवायचा पडदा) बसताना अडकू शकतो. व्हिनियर चिकटवायचं काँटॅक्ट सिमेंट (टेकताच धरणारा गोंद) एकदा धरलं की सरकवायला वाव नाही. शिवाय सगळ्या ड्रम्सची पानं एकाच गठ्ठ्यातली घ्या; अक्रोडाची रेषा मोठ्या बास ड्रमवर एक आणि छोट्या टॉमवर भलतीच, हे डोळ्यांना सतत खुपतं.

मूळ रॅप शाबूत असेल तर कृपया हात लावू नका, सेटची किंमत त्यातच आहे. रॅप तडकलेला असला तरी बाकी सेट मूळ असेल, तर मी नवा रॅपच निवडेन. पण आधीच कुणी खरवडून रंगवलेल्या सेटला मी बेधडक व्हिनियर लावेन.