आमचाच माल 'नकली' ठरला तेव्हा

निर्यातीतल्या फसवणुकीचे किस्से ऐकले तर बहुतेक एकाच वळणाचे असतात. माल गेला, पैसे आले नाहीत. आमच्या बाबतीत प्रत्येक बिलाचे पैसे आले, तेही तारखेच्या आत. पैसे वेळेवर येत असले की माणूस बाकी कुठे बघत नाही, आणि ज्यानं आम्हाला फसवलं त्याला हे नीट ठाऊक होतं.

आम्ही दातांचे ठसे घेण्याचं साहित्य बनवतो: अल्जिनेट पावडर, सिलिकॉन पुट्टी, मिक्सिंग टिप्स, ट्रे. कारखाना लहान आहे. प्रगत देशांत जुन्या कंपन्यांनी जागा अडवलेली, म्हणून जिथे दवाखाने झपाट्यानं वाढतायत अशा देशांकडे आम्ही वळलो. ज्या देशात हे घडलं त्याचं नाव देत नाही. प्रकरण अजून कोर्टात आहे, आणि त्या गृहस्थाचं दुकानही चालू आहे.

एका प्रदर्शनात तो स्वतः आमच्या स्टॉलवर आला. शोरूम होतं, दुरुस्तीचे तंत्रज्ञ होते, आणखी दोन-तीन परदेशी ब्रँडांची डीलरशिप होती. आम्ही त्याच्या कंपनीचा नोंदणी उतारा मागवला, बँकेकडून अभिप्राय घेतला, त्याच्या जुन्या पुरवठादाराशी बोललो. सगळीकडून चांगलंच कळलं, आणि ते खोटंही नव्हतं. आम्ही तपासत होतो ते एवढंच, की हा पैसे देईल का. पहिल्या ऑर्डरचे त्यानं सगळेच्या सगळे आगाऊ पाठवले.

मग नोंदणीचा विषय निघाला. दातांचं साहित्य बऱ्याच देशांत वैद्यकीय उपकरणांत मोडतं आणि सरकारी नोंदणीशिवाय विकता येत नाही. त्यांतल्या अनेक देशांत ही नोंदणी परदेशी कारखान्याला थेट मिळत नाही, त्या देशातल्या कंपनीच्या नावावर निघते. ब्राझीलमध्ये अन्विसाची, म्हणजे तिथल्या आरोग्य नियामक संस्थेची, नोंदणी तिथल्या कंपनीकडेच असावी लागते. इंडोनेशियात विक्रीचा परवाना स्थानिक वितरकाच्या नावावर निघतो. आमचा गृहस्थ म्हणाला, "खर्च माझा, धावपळ माझी. तुम्ही फक्त कागद द्या." फ्री सेल सर्टिफिकेट (माल मायदेशात मोकळेपणी विकला जातो असा दाखला), वैद्यकीय उपकरणांच्या दर्जाव्यवस्थेचं आयएसओ 13485 चं प्रमाणपत्र, मालाचे तांत्रिक तपशील आणि एक अधिकारपत्र. त्याचा मसुदा त्यानंच पाठवला. आमच्या लेटरहेडवर छापायचं, नोटरी करायची, अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, लावून पाठवून द्यायचं. मजकूर चार ओळींचा: अमुक कंपनी आमची एकमेव वितरक असून आमच्या मालाच्या विक्रीसाठी आवश्यक त्या सर्व नोंदण्या ती स्वतःच्या नावे करू शकते. मुदत कुठेच लिहिलेली नव्हती. पुढे सगळं त्या 'सर्व नोंदण्या' आणि 'स्वतःच्या नावे' यांवर येऊन थांबलं, कारण हेच पत्र त्यानं ट्रेडमार्क कचेरीतही दाखवलं.

हे आम्हाला कळायला काही वर्षं गेली. त्या काळात व्यवहार उत्तम होता. ऑर्डरी वाढत होत्या, सणावाराला शुभेच्छा येत होत्या. आमचे लोक गेले की विमानतळावर गाडी उभी असायची. मधूनमधून भाव कमी करायचा आग्रह व्हायचा, पण तो कोण करत नाही? दक्षिणेकडच्या भागात मात्र माल पोचतच नव्हता. तिथल्या डॉक्टरांच्या मेल यायच्या की तुमचा माल कुठे मिळतो. म्हणून आम्ही तिथे दुसरा वितरक नेमला आणि पहिल्याला रीतसर कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: "ठीक आहे, तुमचा निर्णय."

नव्या वितरकाचा पहिला कंटेनर बंदरात उतरला आणि कस्टम्सनं अडवला. कारण काय, तर माल नकली असल्याची ट्रेडमार्कच्या मालकाची तक्रार. मालक कोण? आमचा जुना वितरक.

हे कसं चालतं ते सांगतो, कारण आम्हालाही तोवर ठाऊक नव्हतं. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या करारानुसार सदस्य देशांना अशी सोय ठेवावी लागते, की ट्रेडमार्कच्या मालकानं अर्ज केला तर कस्टम्सनं संशयित नकली माल रोखून धरावा. मालकानं दहा कामकाजाच्या दिवसांत दावा लावला नाही तर माल सोडायचा, मुदत फार तर तेवढ्याच दिवसांनी वाढते. कायदा खऱ्या मालकांसाठीच आहे आणि चांगला आहे. पण कस्टम्सचा अधिकारी रजिस्टर बघतो. पुट्टी कोणाच्या कारखान्यात बनली हे तो बघत नाही, आणि त्यानं ते का बघावं? आमच्या गृहस्थानं मुदतीच्या आत दावा लावला. प्रतिवादी आम्ही, आणि सोबत तो बिचारा नवा वितरक, ज्यानं आमच्या शब्दावर माल मागवला होता.

आमच्या मालाला मुदत असते, आणि अल्जिनेट उष्णतेनं नि दमटपणानं खराब होतं. बंदराच्या आवारात उभ्या असलेल्या बंद कंटेनरात या दोन्ही गोष्टींना तोटा नसतो. वर डिमरेज, म्हणजे कंटेनर अडकून पडल्याचं भाडं, चढत होतं. खटला जिंकला तरी आत विकण्याजोगं काही उरणार नाही, हे पहिल्या आठवड्यातच दिसत होतं.

त्या देशाच्या ट्रेडमार्क कचेरीचं रजिस्टर ऑनलाइन होतं. आमच्या वकिलानं ते उघडून दाखवलं तेव्हा सगळ्यात बोचली ती अर्जाची तारीख. प्रदर्शनातल्या भेटीनंतर काही आठवड्यांतली आणि आमच्या पहिल्या ऑर्डरच्या आधीची! म्हणजे संबंध बिघडल्यावर रागाच्या भरात केलेलं हे काम नव्हतं. आगाऊ पैसे आले तेव्हाच नाव गेलं होतं. अर्ज मालाच्या दोन वर्गांत होता: ठशांचं साहित्य ज्यात मोडतं तो 5 आणि उपकरणांचा 10. रोमन अक्षरांतलं नाव होतं, तिथल्या लिपीतलं होतं, डब्यावरचं चिन्हही होतं. आमच्या देशातली आमची स्वतःची नोंदणी इतकी पक्की नव्हती.

यात बेकायदेशीर काय, असं विचाराल तर उत्तर चटकन सापडत नाही. जगातल्या बहुतेक देशांत जो आधी अर्ज करतो त्याचं नाव. मोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. चीनमध्ये टेस्लाचं नाव कंपनी तिथे पोचण्याआधीच दुसऱ्यानं नोंदवून ठेवलं होतं, आणि तो वाद 2014 मध्ये तडजोडीनं मिटला. म्यानमारमध्ये 2023 मध्ये नवा कायदा लागू होईपर्यंत दस्त नोंदवून वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची पद्धत होती, आता तिथेही आधी अर्ज करणाऱ्याला हक्क मिळतो. बाजारपेठ नवी असते तेव्हा परदेशी नावं मोकळी पडलेली असतात, आणि ती कोणती हे वितरकाइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

एक आधार आहे. ट्रेडमार्क, पेटंट यांवरच्या 1883 च्या आंतरराष्ट्रीय पॅरिस करारातलं कलम 6 सेप्टिस सांगतं, की मालकाच्या एजंटानं किंवा प्रतिनिधीनं मालकाच्या संमतीशिवाय त्याचं नाव स्वतःच्या नावे नोंदवलं, तर मालक ते रद्द करायला लावू शकतो किंवा स्वतःकडे घेऊ शकतो. आमचा दावा याच कलमावर उभा आहे. समोरून दोन उत्तरं आली. एक, अर्ज केला तेव्हा मी एजंट नव्हतो, एक उत्सुक गिऱ्हाईक होतो. दोन, संमती होती, हे बघा अपॉस्टिल लावलेलं पत्र. पत्र अर्जानंतरचं आहे हा आमचा मुद्दा, पण तो मांडायलाही प्रत्येक मेल आणि प्रत्येक बिल शपथेवर भाषांतर करून द्यावं लागतं. वापर नसल्याच्या कारणावरून नोंदणी रद्द करता येते असं कोणी सुचवलं, तर तेही चालत नाही. वापर होताच. इतकी वर्षं तो आमचाच माल त्या नावानं विकत होता. त्याच्या वापराचे पुरावे म्हणजे आमची बिलं.

दरम्यान त्याचा निरोप आला. नाव परत हवं असेल तर विकत घ्या, नाहीतर जुन्या भावापेक्षा कमी भावात पाच वर्षांचा करार करा. आम्ही दोन्ही नाकारलं. मग त्यानं तिसऱ्याच देशातल्या एका कारखान्याकडून माल भरून आणला. डबा तोच, रंग तोच, नाव तर आता त्याचंच. तिथले दंतवैद्य आम्हाला मेल करू लागले, की पुट्टी लवकर घट्ट होते, ठसा काढताना फाटतो, तुमचा दर्जा घसरला. प्रत्येकाला उत्तर लिहिताना वकील म्हणायचे, "त्याच्याबद्दल काही लिहू नका, बदनामीचा दावा होईल." तेव्हा डॉक्टरांना एवढंच कळवायचो की हा लॉट आमचा नाही. निम्म्यांचा विश्वास बसला नसणार.

आता ज्या कोणाला असा वितरक भेटला असेल त्याच्यासाठी. प्रदर्शनाला जायच्या आधी, म्हणजे कार्ड वाटायच्या आधी, नावाचा अर्ज करा. आपल्या देशात अर्ज केल्यावर पॅरिस करारानुसार सहा महिने मिळतात. त्या अवधीत दुसऱ्या सदस्य देशात केलेला अर्ज पहिल्याच तारखेचा धरला जातो. माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क नोंदणीच्या कराराखाली एकाच अर्जात 130 हून अधिक देशांतून निवड करता येते, मात्र पहिली पाच वर्षं त्याचं भवितव्य मायदेशातल्या नोंदणीला बांधलेलं असतं, आणि दक्षिण आफ्रिकेसारखी मोठी बाजारपेठ त्यात नाही. तिथे वेगळा अर्ज लागतो. स्थानिक लिपीतलं नावही स्वतःच ठरवा आणि तेही नोंदवा. तुम्ही नाही ठरवलंत तर दुकानदार ठरवतात. वायपोचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेचा, ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे, आपलं नाव त्यात शोधायला पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे आता हे काम हिशेबनिसाच्या वार्षिक यादीत आहे.

मालाची नोंदणी विक्रेत्याच्या नावावर ठेवू नका. अनेक देशांत केवळ नोंदणी धरून ठेवण्याचं काम करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या असतात, त्या माल विकत नाहीत. त्यांची फी दरवर्षी द्यावी लागते आणि ती टोचते, खरं आहे. आम्ही आता सगळीकडे देतो. वितरकच हवा असेल तर नोंदणी कोणाकडे आणि किती दिवसांत हस्तांतरित करायची हे करारात लिहा, आणि त्याचं सहीचं पत्र आधीच घेऊन ठेवा. अधिकारपत्रावर शेवटची तारीख घाला, आणि ट्रेडमार्कची नोंदणी यात येत नाही असं स्पष्ट लिहा.

एजन्सीचे कायदेही बघा. काही देशांत नोंदणीकृत एजंटाला काढणं फार अवघड असतं. संयुक्त अरब अमिरातीत 1981 च्या कायद्याखाली एजंट दुसऱ्याच्या नावे येणारा माल बंदरात अडवू शकत असे, आणि कराराची मुदत संपली तरी सबळ कारण दाखवावं लागे. 2022 च्या नव्या कायद्यानं ते पुष्कळ सैल केलं. 'एकमेव वितरक' हे दोन शब्द तिथे कोणत्या कायद्याखाली येतात हे सही करण्याआधी तिथल्याच वकिलाला विचारा. वितरकानं सुचवलेला वकील सोडून.

नंतरच्या एका देशात आम्ही ही सगळी कलमं पहिल्याच मसुद्यात घातली. एक इच्छुक वितरक नावाच्या कलमावर अडला, म्हणाला, "आमच्याकडे ही पद्धत नाही, विश्वासावर चालतं." त्याच संध्याकाळी वकिलानं तिथलं रजिस्टर तपासलं. आमचं नाव मोकळं होतं. सकाळी कचेरी उघडताच अर्ज केला आणि मग त्या वितरकाला कळवलं, की या कलमावर आता बोलायची गरज नाही. त्याच्याकडून पुन्हा निरोप आला नाही.

जुन्या देशातला खटला वरच्या कोर्टात आहे. तो कंटेनर कस्टम्सच्या देखरेखीखाली नष्ट झाला, आणि नष्ट करण्याचा खर्चही आमच्याच नावे लागला.