मस्टँग जीटी की इकोबूस्ट? सहाचा फरक

आधी निकाल सांगते, मग हिशोब. घरात एकच गाडी असेल आणि रोज तिच्यावरच ऑफिसला जायचं असेल, तर फोर्डच्या मस्टँगमधली चार सिलिंडरची टर्बो इकोबूस्ट घ्या. घरात दुसरी गाडी असेल आणि ही निव्वळ हौसेची असेल, तर खुशाल व्ही-८वाली म्हणजे आठ सिलिंडरची जीटी घ्या आणि पेट्रोलचा बाऊ करू नका. मी जीटी घेतली. २०१८चं मॉडेल, सेकंडहँड, सहा गिअरचं मॅन्युअल, रंग काळा. (काळा रंग घेऊ नका. धूळ, परागकण, पाऊस, सगळं त्यावर दिसतं.)

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. घरात एक मिनीव्हॅन आहेच. मुलं, किराणा, पाहुणे, विमानतळ हे सगळं तीच ओढते. त्यामुळे दुसरी गाडी माझ्या मनासारखी घ्यायची हे ठरलेलं होतं. नवऱ्याचा विरोध नव्हता, त्याची फक्त एक एक्सेल शीट होती. तिच्यात सगळ्यात वरची ओळ ‘मायलेज’, आणि ती त्याने ठळक लाल केलेली. माझं म्हणणं होतं की स्पोर्ट्स कार घेताना ही ओळ सगळ्यात वर नसावी. महिनाभर आमचं यावरच चाललं होतं. शेवटी मीही आकडे घेऊन बसले, आणि त्यात एक गोष्ट सापडली जी दोघांच्याही लक्षात आली नव्हती.

२०१८च्या मॅन्युअल गाड्यांचे ईपीएचे (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे) अधिकृत मायलेजचे आकडे असे: इकोबूस्ट शहरात गॅलनला २१ मैल, हायवेला ३१, सरासरी २५. जीटी शहरात १५, हायवेला २५, सरासरी १८. म्हणजे शहरात फरक सहाचा आणि हायवेलाही सहाचाच. कुणालाही वाटेल की कुठेही चालवा, जीटी सारखीच महागात पडते.

तसं नाही. गॅलनला किती मैल हे बघू नका, शंभर मैलांना किती गॅलन ते बघा. शहरात शंभर मैलांना इकोबूस्ट पावणेपाच गॅलन पिते आणि जीटी सहा पूर्णांक सात. फरक जवळपास दोन गॅलनचा. हायवेला इकोबूस्ट सव्वातीनच्या आसपास, जीटी चार. फरक पाऊण गॅलन. तोच सहाचा आकडा, पण सिग्नलच्या रस्त्यावर तो अडीच पट महाग पडतो. थोडक्यात, व्ही-८च्या ताकदीचं बिल वेगात येत नाही, ते आमच्याकडच्या सिग्नलांनी भरलेल्या रूट १वरच्या रांगेत उभं असताना येतं. तिथे आठही सिलिंडर नुसते चालू असतात. उलट गार्डन स्टेट पार्कवे या हायवेवर पासष्टच्या वेगाने सहाव्या गिअरला लावली की इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास निवांत असतं, आणि डिस्प्लेवर २४-२५ सहज दिसतात. रिकाम्या रस्त्यावर तर कधी कधी २६. पाच लिटरच्या इंजिनाला यापेक्षा काय मागणार?

कोल्हापुरातून बाबांचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे, “ॲव्हरेज किती पडतंय?” मी लिटरमध्ये करून सांगितलं, लिटरला एकूण साडेसात-पावणेआठ किलोमीटर. पलीकडे क्षणभर शांतता. मग, “मग ट्रकच घ्यायचा होतास की.” बाबांची येझदीही बाईकच्या मानाने पेट्रोल पिणारीच होती, शिवाय तिला ऑइल वेगळं. पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

आता पैशात. सोयीसाठी रेग्युलर (साधं पेट्रोल) तीन डॉलर आणि प्रीमियम (जास्त ऑक्टेनचं, म्हणजे इंजिनात अवेळी न पेटणारं) चार डॉलर गॅलन धरते. वर्षाला १०,००० मैल चालवले तर इकोबूस्टला ४०० गॅलन लागतात, जीटीला साधारण ५५६. दोन्हींत रेग्युलर भरलं तर फरक वर्षाला ४७० डॉलर, महिन्याला चाळीसच्या आतबाहेर. चौघांचं बाहेरचं एक जेवण. पण जीटीत प्रीमियम आणि इकोबूस्टमध्ये रेग्युलर भरत असाल, तर हाच फरक हजार डॉलरच्या वर जातो. मायलेजपेक्षा ऑक्टेनने जास्त मार बसतो, आणि नवऱ्याच्या शीटमध्ये ऑक्टेनचा रकानाच नव्हता.

इथे थोडं थांबते, कारण यात बरेच लोक फसतात. दोन्ही इंजिनं ८७ ऑक्टेनवर म्हणजे रेग्युलरवर चालतात, फोर्डच तसं सांगते. पण जाहिरातीतले आकडे, इकोबूस्टचे ३१० हॉर्सपॉवर आणि जीटीचे ४६०, हे ९३ ऑक्टेनवर मोजलेले आहेत. रेग्युलर भरलं की इंजिनाचा संगणक इग्निशनचं टायमिंग मागे घेतो, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ देत नाही, आणि त्या बदल्यात थोडी ताकद जाते. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) असल्यामुळे इकोबूस्टमध्ये हे जास्त जाणवतं, खासकरून जुलैच्या उकाड्यात. म्हणजे ‘स्वस्त’ इकोबूस्ट घेऊन तिची पूर्ण ताकद हवी असेल तर तुम्हीही प्रीमियमच भरणार, आणि मग तुमची बचत पुन्हा महिन्याला पन्नासेक डॉलरवर येते. मी काय करते? आठवडाभर नुसतं गावात फिरायचं असेल तर रेग्युलर. शनिवारी लांब जायचं ठरलं असेल तर आदल्या दिवशी प्रीमियम.

जर्सीत अजून एक गंमत. इथे १९४९च्या कायद्यानुसार आपलं पेट्रोल आपण भरू शकत नाही, पंपावरचा माणूसच भरतो. तो खिडकीशी येऊन “रेग्युलर?” एवढंच विचारतो आणि उत्तराची फारशी वाट बघत नाही. काच खाली होण्याआधीच प्रीमियम हवं की रेग्युलर ते ओरडून सांगायची सवय लावून घ्या. आणि रोख आणि कार्डाचा भाव वेगळा असेल तर पाटीवरचा बारीक अक्षरातला आकडाही वाचा.

इकोबूस्ट मी आठवडाभर भाड्याने घेऊन चालवली, ऑटोमॅटिक होती. प्रामाणिकपणे सांगते, गावात ती जीटीपेक्षा चपळ वाटते. तिचा ३५० पौंड-फूट टॉर्क (ओढायची ताकद) तीन हजार आरपीएमलाच पूर्ण मिळतो. जीटीचा ४२० आहे, पण त्यासाठी साडेचार हजारांच्या वर जावं लागतं, आणि ४६० हॉर्सपॉवर तर थेट सात हजारांना. आता सात हजार करायचे कुठे? दुसऱ्या गिअरमध्ये तिथवर नेईपर्यंत काटा सत्तर मैलांच्या पुढे गेलेला असतो, आणि पार्कवेची मर्यादा जास्तीत जास्त ६५. सांगायचा मुद्दा, कागदावरची दीडशे हॉर्सपॉवर रोजच्या रस्त्यावर बहुतेक वेळा पेटीतच राहते. एडिसनच्या देशी बाजारात, ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी तुम्ही ३१० घेऊन उभे आहात की ४६०, पुढच्या मिठाईच्या दुकानासमोर डबल पार्क केलेल्या गाडीला काही फरक पडत नाही.

पण इकोबूस्टच्या नावात ‘इको’ आणि ‘बूस्ट’ दोन्ही असले तरी एका वेळी एकच मिळतं. पाय हलका ठेवला तर हायवेला तिशी गाठते. जोरात दाबलं की टर्बो हवा कोंबतो, तेवढंच पेट्रोलही ओतावं लागतं, शिवाय इंजिन गार राहावं म्हणून थोडं जास्तीचं. पोर्ट जर्विसजवळ हॉक्स नेस्ट नावाचा वळणांचा रस्ता आहे, न्यू यॉर्कचा रूट ९७, खाली डेलावेअर नदी. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा, आणि रस्ता सापासारखा. तिथे मी आधी भाड्याची इकोबूस्ट नेली, नंतर माझी जीटी. चढ-उताराच्या त्या पट्ट्यात इकोबूस्टने १७-१८ दाखवले आणि जीटीने १४-१५. म्हणजे जिथे मजा घ्यायची तिथे बचत आटते, आणि जिथे बचत होते तिथे इकोबूस्ट ही एक चांगली, आरामशीर, साधी गाडी असते. मला त्यासाठी मस्टँग नको होती, त्या कामाला मिनीव्हॅन आहे.

आवाजाचंही तेच. इकोबूस्टमध्ये आतल्या स्पीकरमधून इंजिनाचा आवाज वाढवून ऐकवतात. वाईट नाही, पण खिडकी उघडली की खरं काय ते कळतं. जीटीचा आवाज खरा आहे, इतका खरा की टाउनहाऊसमध्ये राहणाऱ्यांनी ॲक्टिव्ह एक्झॉस्ट (आवाज कमी-जास्त करता येणारा सायलेन्सर) असलेलीच गाडी शोधावी. त्यात ‘क्वाएट’ मोड असतो आणि ठरावीक वेळेत गाडी आपोआप दबक्या आवाजात सुरू होईल असं लावून ठेवता येतं. फोर्डच्या एका इंजिनिअरिंग अधिकाऱ्याच्या शेजाऱ्यांनी आवाजाला कंटाळून पोलिस बोलावले, त्यातून ही सोय निघाली, असं कंपनीनेच २०१७मध्ये सांगितलं होतं. आमच्या भिंतीपलीकडे एक नर्स राहते, रात्रपाळी करून सकाळी झोपते. माझा मोड कायमचा क्वाएटवर.

पेट्रोलपेक्षा खिसा कशाने हलका होतो ते नीट बघा. विम्याचे कोट मी दोन्हींचे मागवले होते, आणि माझ्या मैलांना तरी दोन हप्त्यांतला फरक पेट्रोलच्या फरकापेक्षा जास्त निघाला. ऑइल बदलताना जीटीला १० क्वार्ट लागतं, इकोबूस्टला साधारण सहा. टायर तर विचारूच नका. जीटीच्या परफॉर्मन्स पॅकेजमध्ये पुढचे टायर २५५ मिलिमीटर रुंदीचे आणि मागचे २७५चे, त्यामुळे पुढचे मागे फिरवता येत नाहीत, आणि मागचे बिचारे आधी संपतात. इकोबूस्टच्या पॅकेजमध्ये चारही सारखे. त्यात ते उन्हाळी टायर. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक होतं, मग बर्फाचं तर नावच नको. विंटर टायरचा वेगळा सेट घ्या, नाहीतर माझ्यासारखी डिसेंबर ते मार्च गाडी झाकून ठेवा. झाकून ठेवली की मायलेज उत्तम.

माझा निर्णय शेवटी इथेच झाला. झाकून ठेवलेले महिने, ऑफिसला ट्रेन, बाकी सगळं मिनीव्हॅनवर. जीटी वर्षाला जेमतेम ५,००० मैल चालणार. तेवढ्या मैलांना दोन गाड्यांतला पेट्रोलचा फरक रेग्युलरवर अडीचशे डॉलरच्याही आत. कायम प्रीमियम भरलं तरी पाचशेच्या आसपास. मी हे आकडे त्या लाल ओळीत भरले, तेव्हा नवऱ्याने काही न बोलता तिचा रंग काढून टाकला. तोच हिशोब माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीसाठी केला तर उलटा येतो. ती रोज रूट १ने प्रिन्स्टनकडे जाते, सिग्नलमागून सिग्नल, वर्षाला १५,००० मैल, आणि घरात तिच्यासाठी ही एकच गाडी. तिने जीटी घेतली तर ताकद एकदाही न वापरता रोज तिची किंमत मोजेल. तिला मी इकोबूस्टच सांगितली.

जाता जाता गॅस गझलर टॅक्स, म्हणजे पेट्रोलखाऊ गाड्यांवरच्या कराबद्दल, कारण हे बरेच जण विचारतात. १९७८च्या कायद्याने सरासरी २२.५च्या खाली देणाऱ्या नव्या कारवर हा कर लागतो. जीटीच्या स्टिकरवर १८ असूनही तिला तो लागत नाही, कारण कर प्रयोगशाळेतल्या मूळ आकड्यावरून ठरतो आणि तो स्टिकरपेक्षा बराच जास्त असतो. पिकअप ट्रक आणि एसयूव्हींना तर हा कायदाच लागू नाही. बाबांना हे सांगितलं नाही. “बघ, ट्रक म्हणालो होतो,” हे ऐकायची तयारी नाही.

उणिवाही सांगते. मागची सीट नावापुरती, माझी दहा वर्षांची मुलगी बसते पण तक्रार करतच. आई आली होती तेव्हा तिला पुढे बसवताना आणि उतरवताना दोन माणसं लागली. दारं लांब आहेत, त्यामुळे अरुंद पार्किंगमध्ये अंग चोरून बाहेर पडावं लागतं. डिकी मात्र अनपेक्षितपणे मोठी, तांदळाच्या वीस पौंडी पिशव्या आणि आठवड्याची भाजी आरामात मावते. क्लच गावातल्या रांगेत पायाला जाणवतो, पण आपल्याकडे गिअरच्या गाडीवर शिकलेल्यांना त्याचं काही वाटू नये.

पेट्रोलही कमी आणि मजाही पूर्ण असं दोन्ही हवं असेल, तर खरं उत्तर मस्टँग नाहीच. माझदा मियाटा बघा. २०१९पासून १८१ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम अडीच हजार पौंडांच्या आत, मॅन्युअलमध्ये सरासरी २९. ताकद वाढवण्याऐवजी वजन कमी केलं की काय होतं ते तिथे कळतं. पण सीट दोनच, आणि आमच्या घरात तेवढ्याने भांडण झालं असतं.

ज्यांना इकोबूस्टच हवी आहे आणि गिअरही स्वतः टाकायचे आहेत, त्यांनी २०२३पर्यंतचीच मॉडेलं शोधावीत. २०२४च्या नव्या मस्टँगमध्ये मॅन्युअल फक्त व्ही-८ला मिळतो. आणि सेकंडहँड बघायला गेलात तर चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का ते आधी बघा. मागे भलत्याच कुठल्या स्वस्त कंपनीचे टायर असतील, तर आधीच्या मालकाने मजा कुठे केली आणि पैसे कुठे वाचवले, ते लगेच समजतं.