बेळगावात बी.ई.ची सीट: कुठल्या दाराने घेतली तर परवडते

बेळगावातल्या कुठल्याही खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात एका बाकावर बसलेली तीन मुलं बघा. शिकवणारे तेच, लॅब तीच, शेवटी हातात पडणारी पदवीही तीच. पण एक सीईटीतून, म्हणजे राज्य सरकारच्या प्रवेश परीक्षेतून आलेला, दुसरा कॉमेडकेतून, म्हणजे खाजगी कॉलेजांच्या संघटनेच्या परीक्षेतून, तिसरा मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे थेट कॉलेजला पैसे मोजून. तिघांच्या घरातून गेलेल्या रकमेत दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो. म्हणून ‘अमुक कॉलेज कसं आहे हो?’ हा प्रश्न आम्हाला अर्धवट वाटतो. सीट कुठल्या दाराने मिळाली, किती रुपयांत मिळाली आणि ते रुपये आणायचे कुठून, हे कळल्याशिवाय कॉलेज चांगलं की वाईट हे सांगण्यात अर्थ नाही. हे परीक्षण बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या मराठी घरांसाठी आहे आणि ते त्याच हिशेबाने केलं आहे.

आधी सीईटीची सीट. आमच्या मते खाजगी कॉलेजात सरळ पैसे वसूल होण्याची शक्यता असलेलं दार हेच. इंजिनिअरिंगची रँक पीयू दुसऱ्या वर्षाचे (म्हणजे बारावीचे) भौतिक, रसायन, गणित या विषयांचे मार्क आणि सीईटीचे मार्क निम्मे-निम्मे धरून लागते. म्हणजे ‘सीईटीत मारू’ म्हणून पीयूचा अभ्यास सोडणाऱ्याची रँक तिथेच घसरते.

इथे ग्रामीण कोटा नीट समजून घ्या. त्यासाठी पहिली ते दहावी अशी सलग दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. शाळा मराठी माध्यमाची होती म्हणून हा कोटा जात नाही. कन्नड माध्यमाचा कोटा वेगळा, त्याची याच्याशी गल्लत करू नका. कोटा जातो तो भलत्याच कारणाने. येळ्ळूर, कडोली, उचगावकडची बरीच मुलं सातवीपर्यंत गावात शिकतात आणि आठवीला बेळगाव शहरातल्या हायस्कुलात जातात. त्या तीन वर्षांनी आधीची सात वर्षं वाया जातात. हायस्कूल बदलताना हे कुणी सांगत नाही, पाच वर्षांनी कागद बघताना कळतं. दाखल्यावर मुख्याध्यापकांच्या सहीबरोबर क्षेत्रशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिसहीही लागते. ती मे महिन्यात मिळवायची म्हणजे चार फेऱ्या धराच.

नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) मिळणारा जात-उत्पन्नाचा दाखला काढला की त्यावरचा आर.डी. नंबर (दाखल्याचा क्रमांक) नीट बघा आणि नावाचं स्पेलिंग एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्कशीटशी जुळवून बघा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की फक्त आद्याक्षर, एवढ्यावरून ऑनलाइन पडताळणी अडते. मराठी घरातली नावं कन्नड नोंदीतून इंग्रजीत जाताना कुठल्या कुठे पोचतात, ते इथल्या लोकांना सांगायला नको. उत्पन्न कमी असेल तर एसएनक्यू सीटचा (कमी उत्पन्नाच्या घरांसाठी ठेवलेल्या जादा सीटचा) पर्याय अर्जात भरायला विसरू नका. त्यात ट्यूशन फी माफ असते. बऱ्याच पालकांना हा शब्द सगळ्या फेऱ्या संपल्यावर ऐकायला मिळतो.

सीट लागली की चार चॉइस येतात. पहिला म्हणजे हीच सीट घेतो, विषय संपला. दुसरा म्हणजे ही हातात ठेवतो, पण वरची मिळाली तर ती हवी. तिसरा म्हणजे ही नको, पुढच्या फेरीत बघू. चौथा म्हणजे बाहेर पडतो. फसगत होते ती तिसऱ्यात. ‘पुढच्या फेरीत मेकॅनिकलऐवजी कॉम्प्युटर लागेल’ म्हणून हातची सीट सोडली जाते, पुढे काहीच लागत नाही, आणि मग घाईघाईने मॅनेजमेंटच्या खिडकीवर जावं लागतं. रँक अगदी काठावरची असेल तर दुसरा चॉइस घ्यावा, तिसरा नको.

आता पैशांचा हिशेब. सोपं उदाहरण घेऊ. सीईटीच्या सीटवर फी आणि इतर मिळून वर्षाला लाखभर, म्हणजे चार वर्षांचे चार लाख. परीक्षा फी, पुस्तकं, लॅपटॉप, प्रोजेक्ट आणि बसचा आणखी एक लाख. मुलगा घरून ये-जा करतो असं धरलं आहे. एकूण पाच लाख. ही रक्कम दहा टक्के दराने शैक्षणिक कर्ज काढून भरली आणि बँकेने दरवर्षी सव्वा लाख सोडले, तर शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं सवलतीचं, म्हणजे हप्ते न भरण्याचं, एक वर्ष मिळून साधं व्याज १ लाख ७५ हजार होतं. हप्ते सुरू होतात तेव्हा डोक्यावर पाच नाही, पावणेसात लाख असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ८,९२० रुपये. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता ७,२५० च्या आसपास येतो, पण एकूण भरणा तेरा लाखांवर जातो.

दुसऱ्या बाजूला पगार. ३ लाख ६० हजारांचं पॅकेज मिळालं तर घरी पेढे वाटले जातात. भागिले बारा केलं की महिना तीस हजार. त्यातून कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ‘व्हेरिएबल’ नावाचा न दिसणारा भाग बाजूला जातो. मग पगारातून कापला जाणारा पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर. हातात येतात चोवीस हजारांच्या आसपास. बेंगळुरू किंवा पुण्यात पीजी, जेवण आणि प्रवास कितीही काटकसरीने केला तरी चौदा-पंधरा हजार जातात. उरलेल्यात हप्ता जेमतेम बसतो. म्हणजे सीईटीची सीटही पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीचीच असते, पण निभते.

हेच गणित मॅनेजमेंट सीटचं मांडा. खर्च दहा लाख धरला की हप्ता जवळपास १७,८०० होतो आणि पगार तोच चोवीस हजार. कंपनी नोकरी देताना कुठल्या कोट्यातून आलास हे विचारत नाही, त्यामुळे जास्त मोजलेल्या पैशाचा पगारात एक रुपयाही वाढून मिळत नाही. घरात पैसा साठलेला असेल आणि मुलाला त्याच शाखेची खरी ओढ असेल तर ठीक. कर्ज काढून मॅनेजमेंट सीट घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. शेती विकून तर नाहीच.

कर्ज देताना बँक काय बघते तेही ध्यानात असू द्या. चार लाखांपर्यंत तारण आणि मार्जिन लागत नाही, वर गेलं की पाच टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला तेवढा वाटा आपल्या खिशातून. साडेसात लाखांच्या वर बहुतेक ठिकाणी तारण मागतात, आणि इथेच गावाकडची घरं अडकतात. शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका सहसा राजी नसतात. गावठाणातल्या घराला ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचा) नऊ आणि अकरा नंबरचा फॉर्म लागतो, तो निघेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. मग फी भरायची तारीख गाठायला पतसंस्थेकडे जावं लागतं. तिथला दर बँकेपेक्षा बराच चढा असतो, सवलतीचं वर्ष नसतं आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. पिग्मी (रोजची बचत) मोडून फीचा पहिला हप्ता भरणं वेगळं आणि चार वर्षांचं शिक्षण पतसंस्थेच्या कर्जावर चालवणं वेगळं.

दोन गोष्टींनी ओझं खरोखर हलकं होतं. शिक्षण चालू असताना व्याज जमेल तसं भरत राहा. वरच्या उदाहरणात हप्ता ८,९२० वरून ६,६०० वर येतो आणि एकूण लाखभर वाचतात. बऱ्याच बँका यासाठी दरातही थोडी सूट देतात, अर्ज करतानाच विचारा. दुसरं, पालकांचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदानाची चौकशी करा. कॉलेजला किंवा शाखेला मान्यतेचा शिक्का नसेल तर ते हुकतं. मागासवर्ग महामंडळांचं दोन टक्के व्याजाचं ‘अरिवु’ कर्जही असतं, ते सीईटीतून आलेल्यांसाठी. बघा, इथेही दार कुठलं तेच आडवं येतं.

कॉलेजच्या फलकावरचं ‘९५ टक्के प्लेसमेंट’ कसं वाचायचं? चार आकडे मागा: शाखेत शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, त्यातली ‘पात्र’ किती धरली, ऑफर किती मुलांना मिळाल्या (एकाच मुलाच्या तीन ऑफर तीन धरल्या जातात) आणि पगारांच्या क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार किती. सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका, ते कॉलेजवाले स्वतःहून सांगतात. बॅकलॉग असलेली मुलं ‘पात्र’ यादीत नसतात, म्हणून टक्केवारी फुगते. एनबीएची (अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता कॉलेजला नाही, शाखेला मिळते आणि तिला मुदत असते. गेटवरच्या कमानीवर ती लिहिलेली असली तरी तुमच्या शाखेला चालू आहे का, ते वेगळं तपासा. नवीन नावाच्या शाखा, म्हणजे एआय आणि डेटाच्या, जिथे पहिली तुकडीच अजून बाहेर पडलेली नाही, तिथे जुन्या शाखेचे आकडे दाखवतात. ते मान्य करू नका.

आता आम्हाला सर्वांत जास्त किफायतशीर वाटणारं दार, ज्याच्याकडे एसएसएलसीला चांगले मार्क पडले की लोक पाठ फिरवतात: डिप्लोमा. वर्षांचा हिशेब बघा. दोन वर्षं पीयू आणि चार वर्षं बी.ई. झाली सहा. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा आणि डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षात, तिथली तीन वर्षं. तीही सहाच. वेळ एका दिवसाने जास्त जात नाही. पीयू सायन्सच्या जोडीने घेतला जाणारा महागडा कोचिंग क्लास वाचतो आणि बी.ई.ची एका वर्षाची फीही वाचते. शिवाय तिसऱ्या वर्षाअखेर हातात अशी पात्रता असते, जी घेऊन उद्यमबाग, मच्छे किंवा चंदगड हद्दीतल्या शिनोळीच्या कारखान्यात नोकरी मागता येते. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्स हे बेळगावचं जुनं बळ आहे. तिथे ड्रॉइंग वाचता येणाऱ्या आणि सीएनसीवर ऑफसेट बदलता येणाऱ्या डिप्लोमावाल्याला नव्या बी.ई.पेक्षा लवकर घेतात, हे कडू असलं तरी खरं आहे. अडचण एकच, पण मोठी. डिप्लोमातलं गणित कच्चं असतं आणि दुसऱ्या वर्षात थेट गेल्यावर ट्रान्सफॉर्म, सिरीजचं गणित अंगावर येतं. अशा मुलांसाठी व्हीटीयू (राज्याचं तंत्रज्ञान विद्यापीठ) पूरक गणिताचा वेगळा पेपर ठेवत आली आहे. त्याला दुय्यम समजून सोडलं की तोच बॅकलॉग शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. डीसीईटीच्या आधीची सुट्टी कलन पक्कं करण्यात घालवावी.

आयटीआयबद्दल थोडक्यात: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. खर्च नगण्य आणि नंतर अप्रेंटिसशिप. हाताला काम आवडत असेल तर पैसे पुरेपूर वसूल.

बी.ए., बी.कॉम.ला खर्च कमी, म्हणून ‘करून टाकू’ म्हणतात. २०२४-२५ पासून कर्नाटकात पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. मुलींना ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत राज्याच्या साध्या बसने फुकट प्रवास आहे, त्यामुळे खानापूरहून टिळकवाडीला येणाऱ्या मुलीचा पास वाचला. पण पैसे वाचले तरी तीन वर्षं खर्च होतातच. बी.कॉम.सोबत टॅली, जीएसटी रिटर्न आणि एखाद्या ऑडिटरकडे बसणं जमलं तर पदवी उपयोगी पडते. नुसत्या पदवीवर बेकार राहणाऱ्याला सरकार ‘युवानिधी’चे महिना तीन हजार दोन वर्षं देतं, यातूनच काय ते कळावं. सरकारी नोकरी कर्नाटकात हवी असेल तर कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे. त्याचा राग धरून फायदा नाही, तयारी करावी.

उरलं सीमेपलीकडचं दार. निपाणीकरांना हे नवीन नाही. गावाला लागून असलेल्या अर्जुननगरातलं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. ‘शक्ती’चा प्रवास मात्र आंतरराज्य बसला चालत नाही, मुलीच्या पासाचे पैसे हिशेबात धरा. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी ‘ई’ प्रकारची वेगळी पात्रता आहे. सीमाभागातल्या शाळेतून दहावी-बारावी झालेली हवी, आणि रहिवास व मातृभाषा यांचे ठरलेल्या नमुन्यातले दाखले हवेत. त्याशिवाय एमएचटी-सीईटी वेगळी द्यावी लागते. कर्नाटकची सीईटी तिथे चालत नाही. इकडचा जातीचा दाखला तिकडच्या आरक्षणाला चालेल असं गृहीत धरू नका. कोल्हापूर-पुण्यात राहण्याचा खर्च मोजला की फीमध्ये वाचलेलं बरंचसं मेस आणि खोलीत जातं, तेव्हा हे दार निपाणीकडच्यांना जास्त परवडतं, खानापूरकडच्यांना कमी. पुढे महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीला, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना अर्ज करता येतो. त्याला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो.

या दाखल्यांची कामं दहावीच्या सुट्टीतच उरकून घ्या. बारावीच्या निकालानंतर कचेरीत रांगा लागतात आणि पोर्टल बसतं. आणि कॉलेजात पैसे भरताना प्रत्येक रुपयाची छापील पावती मागा, त्यावर कशाचे पैसे ते लिहून घ्या. ‘स्किल फी’, ‘ट्रेनिंग फी’, ‘डेव्हलपमेंट’ अशा नावांनी मागितलेली रक्कम ठरवून दिलेल्या फीत येते का, ते प्रवेशपत्रासोबतच्या तक्त्यात तिथेच उभं राहून बघा. पावती नसेल त्या रकमेला बँक कर्ज देत नाही, आणि सीट सोडायची वेळ आली तर ती परतही मागता येत नाही.