व्हिटॅमिन सीची फसफसणारी गोळी : सहा महिन्यांचा अनुभव आणि एक सैल झाकण

एप्रिलपासून मी १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सीची फसफसणारी गोळी रोज सकाळी ग्लासभर पाण्यात विरघळवून घेत होतो. नागपूरच्या उन्हात दुपारी येणारा थकवा कमी झाल्यासारखा वाटला आणि त्याचे श्रेय मी गोळीला दिले. त्या निमित्ताने रोज एक ग्लास पाणी जास्त पोटात जात होते, हे मात्र उशिरा ध्यानात आले.

पावसाळा लागला आणि गोळ्यांच्या नळीचे झाकण सैल असल्याचे कळले. ओल शोषणारे दाणे झाकणातच असतात, म्हणून ते घट्ट बसलेच पाहिजे. गोळीत सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा असतो. ओल लागली की ग्लासात व्हायची ती क्रिया नळीतच सुरू होते. जुलैत उघडलेल्या नळीतील गोळ्या आठवडाभरात फुगल्या, कडेने तपकिरी पडल्या आणि पाण्यात टाकल्यावर धड फसफसल्याही नाहीत. तपकिरी रंग म्हणजे आतील व्हिटॅमिनच ऑक्सिडीकरणाने खराब होऊ लागल्याची खूण. तक्रार केल्यावर विक्रेत्याने 'कोरड्या जागी ठेवा' एवढे कळवून नळी उघडतानाची चित्रफीत मागितली. वीस गोळ्यांची नळी उघडताना चित्रीकरण कोण करून ठेवतो?

या वादापायी वेष्टन प्रथमच पूर्ण वाचले आणि माझे मत बदलले. एका गोळीत सुमारे ३०० मिलिग्रॅम सोडियम होते. मला रक्तदाबाचा त्रास आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे असे सांगते. शिवाय प्रौढ पुरुषाची व्हिटॅमिन सीची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनुसार (आयसीएमआर) अवघी ८० मिलिग्रॅम आहे. मात्रा वाढते तसे शोषणाचे प्रमाण घटते आणि जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. म्हणजे इतके दिवस मी बरेचसे पैसे वाहून जाऊ दिले.

सर्दी टळेल ही अपेक्षाही फोल ठरली, ऑगस्टमध्ये दोनदा झाली. नियमित सेवनाने सर्दीचे दिवस किंचित कमी होतात, याहून अधिक दावा कोणी करू नये. भाजी-डाळीतील लोह शरीरात मुरण्यास व्हिटॅमिन सी मदत करते, हा गुण खरा आणि महत्त्वाचा आहे. पण ते काम जेवणात पिळलेले लिंबूही करते, आणि आता आमच्या ताटात ते रोज असते. हिवाळ्यात गोकुळपेठ बाजारात आवळे येतील, तेव्हा तेही आणीन.

झाकणाची तक्रार मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत, आणि ती नळी मी फेकलेली नाही.