८.५ टर्न मोटर, १२० अँपिअर ईएससी आणि सहा तारांची कटकट: हंगामभर वापरल्यानंतर

सुरुवात तक्रारीनेच. रिमोटवर चालणारी शर्यतीची छोटी बग्गी जागेवरून निघताना अडखळते, थ्रॉटल दिला की क्षणभर थरथरते आणि मग एकदम सुटते. वेग पकडला की सगळं ठीक. ही लक्षणं दिसली की संशय आधी मोटरवर जातो, मग ईएससीवर, म्हणजे मोटरला करंट पुरवून वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर. नवी मोटर बसते, पैसे जातात, अडखळणं तसंच राहतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. या संचातला चोर म्हणजे मोटर आणि ईएससी यांच्यामधली सहा बारीक तारांची सेन्सर केबल, जी रोटर म्हणजे मोटरचा फिरणारा भाग कुठे आहे ते ईएससीला सांगते. सगळ्या इलेक्ट्रॉनिक्समधली ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि हंगामातला सर्वांत जास्त वेळ हिनेच खाल्ला.

संच असा: १/१० टू-व्हील-ड्राइव्ह बग्गी, मोटर मधोमध, ट्रॅक मातीचा. १२० अँपिअरचा सेन्सर्ड ईएससी, ५४० आकाराची ८.५ टर्न (तारेचे वेढे) मोटर, लो-प्रोफाइल डिजिटल सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर), टूएस म्हणजे दोन सेलची आखूड (शॉर्टी) लायपो बॅटरी. बाकीचे आकडे डब्यावर छापलेले असतातच.

आता केबल. दोन्ही टोकांना दीड मिलिमीटर अंतराचा सहा पिनांचा जेएसटी झेडएच कनेक्टर. पहिली पिन ग्राउंड, पुढच्या तीन सी, बी आणि ए फेजच्या हॉल सेन्सरच्या (रोटरचं चुंबक ओळखणाऱ्या), पाचवी तापमानाची, सहावी पाच व्होल्टची. कनेक्टरला धड लॉक नाही, तो नुसत्या घट्टपणावर टिकतो. तुटतं ते मात्र कनेक्टरच्या अगदी मागे, जिथे तार पिनमध्ये दाबलेली असते. वरचं आवरण शाबूत असतं आणि आतले तंतू तुटलेले असतात, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. टेबलावर गाडी शहाण्यासारखी चालते आणि उडी मारून खाली आदळली की तेवढ्यापुरता संपर्क सुटतो.

खरा राग केबलवर नाही, ईएससीवर आहे. सेन्सरचा सिग्नल गेला की हा ईएससी मुकाट्याने सेन्सरलेस पद्धतीवर जातो. त्या पद्धतीत रोटर कुठे आहे हे मोटरच्या उलट-व्होल्टेजवरून ओळखावं लागतं आणि अगदी कमी वेगात ते व्होल्टेज जवळजवळ नसतंच. म्हणून फक्त निघताना आणि हेअरपिनमधून बाहेर पडताना झटके बसतात, सरळ पट्ट्यावर काहीच जाणवत नाही. ईएससी इशारा देतो तो एका एलईडीच्या लुकलुकण्यातून, आणि तो एलईडी असतो बॉडीच्या आत. शर्यत चालू असताना तो कुणी बघायचा? गाडी बंद पडू दिली नाही याचं श्रेय द्यायला हरकत नाही, पण दोष लपवून वर मोटर तापवायची ही कसली सोय?

तपासणीचा क्रम असा ठेवावा. चाकं हवेत राहतील अशी गाडी स्टँडवर ठेवा, थ्रॉटल अगदी हलका द्या आणि केबल दोन्ही टोकांशी बोटाने हळूच हलवा. मोटरचा आवाज बदलला की निकाल लागला. नाही बदलला तर केबल काढून मल्टिमीटरच्या बीपवर सहाही तारा एकेक करून तपासा, आणि बीप वाजत असतानाच तार वाकवा. सरळ ठेवलेली मोडकी तारसुद्धा बीप देते, म्हणून वाकवणं महत्त्वाचं.

केबल चांगली निघाली तर मोटरमधला सेन्सर बोर्ड. आधी मोटरच्या ए, बी, सी या तिन्ही जाड तारा सोडवून त्यांच्या टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळा, म्हणजे मोटर चुकूनही फिरणार नाही. मग केबल जोडून ईएससी चालू करा, मल्टिमीटरची काळी सुई ग्राउंडवर आणि लाल सुई सी, बी, ए यांच्यावर पाळीपाळीने कनेक्टरच्या मागून टेकवा आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. या मोटरींचा रोटर दोन ध्रुवांचा, त्यामुळे एका फेऱ्यात प्रत्येक तारेवर व्होल्टेज एकदाच वर म्हणजे ५ व्होल्टच्या आसपास जायला हवं आणि एकदाच शून्याजवळ यायला हवं. एखादी तार वर किंवा खाली अडकून बसली तर तो हॉल सेन्सर गेला. तापमानाची पिन वेगळी: केबल मोटरमधून काढून पाचवी आणि पहिली पिन यांच्यात मोटरच्या बाजूने रोध मोजा. २५ अंशांना तो १० किलोओहमच्या आसपास असतो, मोटर तापली की उतरतो. बरेच सेन्सर बोर्ड सुटे मिळतात, अख्खी मोटर फेकायची गरज नाही.

तुटू नये म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत. बऱ्याच माउंटमध्ये मोटर थोडी फिरवून बसवता येते, तिथे सेन्सर पोर्ट वरच्या बाजूला येईल असं बघा. पोर्ट खाली राहिला तर चाकाने उडवलेली माती थेट त्यात. कनेक्टरपासून साधारण १५ मिलिमीटरवर केबलला झिप टायचा सैल आधार द्या. टाय करकचून आवळला की तोच पुढचा तुटण्याचा बिंदू. कनेक्टरवरून इन्सुलेशन टेपची एक पट्टी. काही जण हॉट ग्लूचा थेंब टाकतात, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो, म्हणून चालेल. माती झाली तर मऊ ब्रश आणि काँटॅक्ट क्लीनर. ब्रेक क्लीनर मारू नका, तो प्लास्टिक खातो.

केबलच्या निमित्ताने आणखी एक. सेन्सर्ड जोडणीत ए, बी, सी या जाड तारा अक्षरं जुळवूनच लावायच्या. मोटर उलटी फिरते म्हणून कोणत्याही दोन तारा अदलाबदल करण्याची युक्ती सेन्सरलेस संचाची आहे. इथे ती केली तर मोटर झटके देत भरमसाट करंट ओढते आणि ईएससीच्या एफईटीवर (करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) येतं. दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदला.

बाकी ईएससीबद्दल आता मत बरं आहे. ८.५ टर्नला १६० अँपिअरचा घ्या असा सल्ला सगळीकडून मिळतो. नको. तो आकडा निर्माता स्वतःच ठरवतो, आणि टूएसवरच्या टू-व्हील बग्गीची मागची चाकं तेवढा करंट ओढण्याआधीच घसरतात. नाकापेक्षा मोती जड करून घेण्यापेक्षा उरलेले पैसे सर्व्होत घाला. ईएससी निवडताना आधी बघायच्या गोष्टी तीन: सेन्सर पोर्ट सहज हात पोहोचेल तिथे आहे का, पंखा सुटा बदलता येतो का, आणि डेटा लॉग आहे का. लॉगमध्ये कमाल तापमान आणि किमान व्होल्टेज मिळालं की निम्मे वाद मिटतात.

पंखा ३० मिलिमीटरचा. मातीच्या ट्रॅकवर याचं बेअरिंग आधी कुरकुरतं, मग अडकतं. अडकलेला पंखाही करंट ओढत राहतो, आणि तो बीईसीवरच (ईएससीतला, सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज देणारा भाग) असल्यामुळे सर्व्होच्या वाट्याचं जातं. बोट लावून फिरवला की सहज फिरला पाहिजे, नाहीतर बदला. बॅटरीच्या तारांजवळचा कॅपॅसिटर आपटण्यात उपटला गेला तर गाडी तिथेच थांबवा. त्याच्याशिवाय चालवलेला ईएससी पुढच्या जोरदार थ्रॉटललाच जाऊ शकतो. डोकं फुगलेला कॅपॅसिटरही तसाच धोक्याचा. बदलताना पट्टीची बाजू ऋण टोकाला, आणि पाय शक्य तितके आखूड.

सर्व्होबद्दल मत दोनदा बदललं. बीईसी ६ व्होल्टवर असताना स्टिअरिंग आळशी वाटत होतं. ७.४ वर नेलं आणि गाडी एकदम तरतरीत झाली, अर्थात सर्व्हो हाय व्होल्टेजचा असेल तरच हे करायचं. पण टूएसवर एक मेख आहे. बीईसी व्होल्टेज कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. जोरात थ्रॉटल दिल्यावर किंवा शर्यतीच्या शेवटी बॅटरीच ७ व्होल्टवर आली की ७.४ कुठून येणार? परिणामी पहिल्या लॅपला स्टिअरिंग चपळ आणि शेवटच्याला मंद. आता पुन्हा ६ व्होल्ट. थोडं मंद, पण सगळ्या लॅपना सारखं. १/१० बग्गीला ८ ते १२ किलो-सेंमी टॉर्क आणि ६० अंशांना ०.१० सेकंदाच्या आतला वेग पुरतो, फक्त हे आकडे ६ व्होल्टच्या रकान्यातले वाचा. जाहिरातीत नेहमी ८.४ चे छापतात.

सर्व्होच्या शाफ्टवरचा हात, म्हणजे हॉर्न, बसवण्याआधी रिमोटमधले ट्रिम आणि सबट्रिम (सर्व्होचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंग) शून्यावर घ्या, मग एंड पॉइंट (सर्व्होच्या फिरण्याची मर्यादा) असे ठेवा की चाकं पूर्ण वळल्यावर सर्व्हो गुणगुणणार नाही. गुणगुणणारा सर्व्हो म्हणजे अडकलेला सर्व्हो, आणि तो काही अँपिअर सतत पितो. रिसीव्हर मधेच रीबूट होत असेल तर रिकाम्या चॅनेलवर ४७०० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कॅपॅसिटर लावून बघा (बीईसी ८.४ वर असेल तर १६ व्होल्टचा). क्षणिक डुबकी तो झाकतो. अडकलेल्या सर्व्होवर तो इलाज नाही.

मोटरने काही मागितलं नाही, गिअरिंग सोडून. हिशेब सरळ: स्परचे (मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे (मोटरच्या शाफ्टवरच्या लहान गिअरचे) दात, गुणिले गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर. ७८ चा स्पर, २१ चं पिनियन आणि आत २.६ असेल तर ९.६६. नव्या ट्रॅकवर एक-दोन दात लहान पिनियनने सुरुवात, पाच मिनिटं चालवून लगेच तापमान. ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर पिनियन आणखी लहान किंवा टायमिंग (फेजला करंट किती आधी द्यायचा ते) कमी. एंडबेलवरचं (मोटरच्या मागच्या झाकणावरचं) यांत्रिक टायमिंग आणि ईएससीचा बूस्ट (ईएससीने वाढवलेलं टायमिंग) दोन्ही एकदम वाढवू नका, उष्णता कुठून आली तेच कळणार नाही. बूस्ट शून्यावर ठेवून सुरुवात करावी. आणि टायमिंग वाढवल्यावर सेन्सर केबल नाजूक झाली तर मोटर किती लवकर तापते ते बघून घ्या.

बॅटरीवरच्या सी रेटिंगकडे (ती किती करंट देऊ शकते त्याच्या छापील आकड्याकडे) लक्षच देऊ नका. चार्जरवर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध बघा, दोन्ही सेल जवळजवळ सारखे हवेत. ठेवून द्यायची असेल तर सेलला ३.८ व्होल्ट. रिसीव्हरच्या अँटेनाचं शेवटचं ३१ मिलिमीटरचं उघडं टोक कापू नका, दुमडू नका, कार्बनच्या पट्टीला चिकटवू नका. फेल-सेफ (सिग्नल तुटल्यावर गाडीने काय करायचं ते) ब्रेकवर.

वॉरंटी कागदावर छान आहे. पण आत पाणी गेल्याची खूण दिसली किंवा मूळ तारा कापलेल्या दिसल्या की दुरुस्ती केंद्राचं उत्तर तयार असतं, आणि बग्गीत नीट बसवायचं तर तारा कापाव्याच लागतात. त्यामुळे फॅक्टरीचं सोल्डर असलेलं ईएससीचं टोक तसंच ठेवून मोटरच्या टोकाशी लांबी कमी करा. ६० ते ८० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, रुंद टोक, ६३/३७ चं सोल्डर, आणि मोटरच्या टॅबवर तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. जास्त वेळ तापवलं की उष्णता आतल्या सेन्सर बोर्डापर्यंत पोहोचते.

सुटी केबल मागवताना लांबी अंदाजाने घेऊ नका. पोर्टपासून पोर्टपर्यंत खऱ्या वळणांनी दोरा टाकून मोजा आणि त्यात १५ ते २० मिलिमीटर मिळवा. आखूड केबल ताणाने तुटते, आणि जास्त लांब केबलची गुंडाळी स्परमध्ये जाते. दोन मागवा.