मोटर अव्वल, बेअरिंगपाशी मात्र हात आखडला

इलेक्ट्रिक गाडी चार वर्षांची, वॉरंटी नुकतीच संपलेली, आणि वेग वाढला की पुढून घरघर. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, पूर्ण मोटर बदला. मी पंचवीस वर्षं इंडक्शन मोटरी रिवाइंड करतोय, बेअरिंगचा आवाज मला कळतो. मोटर उतरवून घेतली आणि स्वतः उघडली. तेव्हा हा रिव्ह्यू गाडीचा नाही, तिच्या परमनंट मॅग्नेट मोटरचा.

रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, बाहेर काढणं हेच खरं काम. इंडक्शन मोटरचा रोटर हातांनी सरकवून काढतो तसा हा येत नाही. आतले निओडिमियमचे चुंबक त्याला स्टेटरकडे, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाकडे, खेचतात, आणि मधली फट जेमतेम मिलिमीटरभर. मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पत्रा गुंडाळला, मोटर उभी धरली आणि पुलरने सरळ वर ओढत काढला. बोट मध्ये सापडलं तर सुटणार नाही, एवढी ओढ.

आतलं काम बघून मात्र मन भरलं. गोल तारेऐवजी चपट्या तांब्याचं हेअरपिन वाइंडिंग, स्लॉट गच्च भरलेले, वेल्ड एकसारखे. रोटरच्या पत्र्यांत चुंबक 'व्ही'सारखे तिरके पुरलेत. त्यामुळे चुंबकाच्या टॉर्कला, म्हणजे फिरवण्याच्या जोराला, लोखंडाच्या रचनेतून मिळणाऱ्या रिलक्टन्स टॉर्कची जोड मिळते आणि महागडं चुंबक कमी लागतं. इंडक्शन मोटरसारखा रोटरमध्ये करंट फिरवावा लागत नाही, म्हणून तो कमी तापतो. चुंबकांसाठी हे फार महत्त्वाचं, कारण तापले की त्यांची ताकद उतरते. खूप वेगात चुंबकांचाच व्होल्टेज बॅटरीशी झगडायला लागतो, आणि तो दाबण्यासाठी बॅटरीतून मोटरला करंट पुरवणाऱ्या इन्व्हर्टरला जास्तीचा करंट खर्च करावा लागतो. पण तो या जातीचाच स्वभाव, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार बेअरिंगची. कापून बघितलं, तर बाहेरच्या रिंगवर बारीक आडव्या रेघा, एकसारख्या अंतरावर, कपडे धुण्याच्या खरबरीत पाट्यासारख्या. हे घासून होत नाही. इन्व्हर्टरच्या झटपट स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज येतो आणि बेअरिंगमधून ठिणग्या पडत राहतात. शाफ्ट अर्थ करणारा एक छोटा कार्बन ब्रश असता तर हे टळलं असतं. एवढी सुंदर मोटर बनवणाऱ्यांनी तो द्यायलाच हवा होता.

मी वीज जाऊ न देणाऱ्या सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग बसवलं. कोणी हे करणार असेल तर रिझॉल्वरचे, म्हणजे रोटरचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचे, स्क्रू सैल करण्याआधी त्याची जागा रेघ मारून ठेवा. तो जरा सरकला तरी इन्व्हर्टरला रोटरचा कोन चुकीचा कळतो. आणि हाय व्होल्टेजचा सर्व्हिस प्लग काढून, कपॅसिटरमधला चार्ज उतरलाय हे मीटरने बघितल्याशिवाय केबलला हात लावू नका.

त्यानंतर नऊ हजार किलोमीटर झालेत, घरघर नाही. मोटरला पाचपैकी साडेचार. कंपनीवाले हे बेअरिंग सुटं विकायला लागले की उरलेला अर्धाही देईन.